संप कुणी बुडवला ते पुरे, धोट्याचं विचारा

१८ जानेवारी जवळ आली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनं भांडण नव्याने पेटतं. १९८२ चा गिरणी संप कुणी बुडवला? संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांनी, मालकांनी की सरकारने? मग मॉल, टॉवर, गिरण्यांच्या जमिनी, आणि शेवटी कुणीतरी लिहितंच, ‘गेलं ते गेलं, रोजगार तर आला ना!’ इंग्लंडात लँकाशायरमध्ये बसून बोलणं सोपं आहे, मान्य. पण संपावर गेलेल्या जवळपास अडीच लाखांतला एकही माणूस या भांडणात भेटत नाही. भेटतात ते पुढारी, नाहीतर एकर.

इथे बर्नलीजवळ क्वीन स्ट्रीट मिल ही कापडगिरणी आहे, १८९४ ची, वाफेवर चालणारी. तिथलं उत्पादनही १९८२ मध्येच थांबलं, पुढे तिचं संग्रहालय झालं. दाखवण्यापुरते दोन-चार साचे, म्हणजे कापड विणायचे माग, लावले तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. शेकडो साचे चालायचे तेव्हा बायका ओठ वाचून गप्पा मारायच्या. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात धाग्याची नवी कांडी घातली की तोंड लावून धागा ओढून घ्यायचा, आणि तोच धोटा मग दुसरीच्या तोंडाला.

हाच धोटा मुंबईतही होता. पण आपल्याकडे त्यातून वेगळंच निघालं. दलित कामगाराचं तोंड लागलेला धोटा सवर्णांना चालेना, म्हणून जास्त पगाराचं साचेखातं, म्हणजे विणकाम, दलितांना बंद! १९२० च्या दशकाअखेरीच्या संपांत बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. संप कुणी बुडवला या वादात धोट्याला जागाच नाही. तो खात्यात घाम गाळलेल्या माणसाच्या बोलण्यातच सापडणार.

इंग्रजांचं गुणगान करायचं नाहीये. इथल्याच ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत गेली. १९६० च्या दशकात इथल्या गिरण्यांतल्या रात्रपाळ्या पाकिस्तान, गुजरात, बंगालकडून आलेल्यांनी रेटल्या. त्यांच्या आठवणी विचारायला मात्र इथेही फार उशीर झाला. शिवाय पैसे नाहीत म्हणून २०१६ मध्ये इथल्या कौन्सिलने क्वीन स्ट्रीटचं हेच संग्रहालय बंद केलं होतं, नंतर ते पुन्हा उघडलं. म्हणून आपल्या कामगारांच्या आठवणी गोळा करायला मुंबईत काळाचौकीच्या गिरणीत व्हायच्या संग्रहालयाची वाट बघत बसू नये असं मला वाटतं. व्हायचं तेव्हा होईल ते.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून मोठा पाया घातला आहे. पण संपात गावी गेलेले कितीतरी जण परतलेच नाहीत. गिरणगावाचा निम्मा इतिहास आज कणकवलीत, पाटणला, आजऱ्यात ओट्यावर बसलाय. तेव्हाचा तिशीतला कामगार आज सत्तरी ओलांडून गेलाय. तालुक्याच्या वाचनालयाने एक फोन आणि दोन पोरं कामाला लावली तरी भागेल.

आणि विचारायचं ते नेमकं. गैरहजर कामगाराच्या जागी बदलीचं काम मिळावं म्हणून जॉबरला, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाला, काय द्यावं लागे? एकाच वळकटीवर पाळीपाळीने किती जण झोपायचे? संपात खानावळवालीची उधारी कशी फिटली, की बुडालीच? हे तिलाही विचारा. आणि धोट्याचं विचारायला लाजू नका. म्हातारे विषय टाळतील, तर त्यांच्या शेजारच्या वाडीत जाऊन विचारा.