करडा ढग, गुलाबी फोटो आणि दरवर्षीचा तो फॉरवर्ड

हिवाळ्यात मृग नक्षत्र संध्याकाळी पूर्वेला वर आलं की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, माझ्यासारख्या हौसेने आकाशाचे फोटो काढणाऱ्यांवरचे आरोप मात्र तेच चार. दुर्बिणीतून तेजोमेघ, म्हणजे अंतराळातला वायू आणि धुळीचा ढग, करडा दिसतो, तेव्हा फोटोतला गुलाबी रंग फोटोशॉपचा. शंभर फोटो एकावर एक चढवून केलेल्या चित्राला फोटो म्हणायचंच नाही. छोट्या दुर्बिणीतून एवढं 'झूम' होत नाही, म्हणजे चित्र हबल या अवकाश दुर्बिणीचं ढापलेलं. आणि शहरातल्या गच्चीवरून तर हे अशक्यच! यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला आणि खाली मामांनी विचारलं, "काय रे, तूसुद्धा हेच करतोस का?"

पहिल्या आरोपातलं निरीक्षण खरं आहे. मृगाच्या बाणाखाली लोंबणाऱ्या फिकट ताऱ्यांमध्ये एम ४२ हा तेजोमेघ आहे. माझ्या ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावला तर तो करडाच दिसतो, फार तर किंचित हिरवट. निष्कर्ष मात्र चुकतो. अंधुक प्रकाशात आपण डोळ्यातल्या दंडाकार पेशींनी पाहतो. त्यांना रंगातला फरक कळत नाही. त्या सर्वात तल्लख असतात ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट प्रकाशाच्या आसपास, आणि मेघातल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश असतो ६५६.३ वर. तिथे त्या जवळपास आंधळ्याच. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, सेकंदाच्या अंशात पुढचं चित्र घेतो. कॅमेऱ्याचा सेन्सर मिनिटभर उघडा राहतो आणि तेवढा वेळ प्रकाश गोळा करतो.

बरं, मेघाच्या प्रकाशात खरंच रंग असतात हे कळायला फोटोसुद्धा लागत नाही. १८६४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करणाऱ्या उपकरणातून पाहिला. ताऱ्यासारखा सलग रंगपट्टा न दिसता सुट्या, झगझगीत रेषा दिसल्या, म्हणजे तो तापलेला विरळ वायू होता. त्यातली ठळक हिरवी रेषा कोणत्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी उलगडा केला: दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन. हायड्रोजनचा लाल आणि निळा, त्यात या ऑक्सिजनचा हिरवा, असं मिसळून एम ४२ चा गुलाबी रंग होतो.

यातली गंमत अशी की साधा डीएसएलआर हा लाल रंग वाढवत नाही, कमी करतो. माणसाच्या चेहऱ्याचे फोटो नीट यावेत म्हणून सेन्सरसमोर जो फिल्टर असतो, तो ६५६ वरचा साधारण चौथा हिस्साच आत सोडतो. म्हणून तर हौशी लोक तो फिल्टर काढून घेतात. कॅननने २०१२ मध्ये ६०डीए आणि निकॉनने २०१५ मध्ये डी८१०ए हे कॅमेरे काढले, ते यासाठीच.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. हबलच्या १९९५ च्या, वायू आणि धुळीच्या स्तंभांच्या प्रसिद्ध चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग ठरवून दिला होता. तो नकाशातल्या रंगांसारखा प्रकार आहे, आणि तो लपवलेलाही नव्हता. आमच्यातही सॅच्युरेशन ओढून आकाशाची रंगपंचमी करणारे आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही.

आता 'शंभर फोटो एकत्र' हा आरोप. अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये याच मेघाचा पहिला फोटो घेतला, तेव्हा ११ इंची दुर्बिणीवर फोटोची एकच काच (तेव्हा फिल्मऐवजी काच असे) सुमारे ५० मिनिटं उघडी ठेवली होती. मी तासाभराच्या एकाच फ्रेमऐवजी एकेका मिनिटाच्या साठ फ्रेम घेतो, कारण मधेच विमान जातं, वारा सुटतो, कोणीतरी गच्चीचा दिवा लावतं. बिघडलेली फ्रेम टाकून देता येते. बेरजेत मेघाचा प्रकाश फ्रेमच्या संख्येइतका वाढतो, पण नॉइज, म्हणजे चित्रातला खरखरीतपणा, वाढतो तिच्या वर्गमुळाइतकाच. शंभर फ्रेम घेतल्या तर चित्र दहापट स्वच्छ. जे कुठल्याच फ्रेममध्ये नाही, ते बेरजेत येणार कुठून? उलट, चित्रातून काय वजा करायचं यासाठीच जास्त खटपट असते: झाकण लावून काढलेल्या काळ्या फ्रेम, आणि दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून घेतलेल्या उजळ फ्रेम, म्हणजे धुळीचे डाग आणि कडेचा काळोख निघून जातो.

'झूम'चा मुद्दा तर पुरता उलटा आहे. एम ४२ आकाशात एक अंशाहून मोठा पसरलाय, पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद. माझ्या दुर्बिणीची नाभीय लांबी (भिंगापासून चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर) ४८० मिलिमीटर. तिला एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साध्या डीएसएलआरमधला, सेन्सर जोडला की पावणेतीन अंश बाय पावणेदोन अंश आकाश मावतं. हबलच्या कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये जेमतेम साडेतीन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मावतात, त्यामुळे हा मेघ अख्खा दाखवायचा तर हबललाच तुकडे जोडावे लागतात.

खरी अडचण वेगळीच, आणि तिचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. पृथ्वी फिरते. तारा सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो, आणि माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल भरतो दोन विकलांपेक्षा थोडा कमी. म्हणजे सेकंदाच्या आठव्या हिश्श्यातच तारा पिक्सेल ओलांडतो. म्हणून इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ताऱ्यांच्या वेगाने दुर्बीण फिरवत नेणारं बैठक-यंत्र लागतं, दुर्बिणीपेक्षाही बहुधा महाग. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, आणि आपल्याकडे पुण्या-मुंबईत ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर. माझ्या पहिल्या हिवाळ्यात तो शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे होता. अंदाजाने माउंट लावलं आणि पहाटे दोनपर्यंत मी ताऱ्यांऐवजी ताणलेल्या शेवयांचे फोटो काढत बसलो. ढापायचंच असतं तर एवढी झोप कशाला घालवली असती?

शहराचं थोडक्यात. एम ४२ इतका तेजस्वी आहे की गच्चीवरूनही मिळतो. फिकट मेघांसाठी फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा आत सोडणारे फिल्टर मिळतात. सोडियमचे पिवळे दिवे अडवणारे जुने फिल्टर एलईडी आल्यापासून फारसे उपयोगाचे राहिले नाहीत. मुंबईबाहेरच्या वांगणीसारख्या, शहरापेक्षा अंधाऱ्या ठिकाणी जाण्याला पर्याय नाही हे खरंच, पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

मामांना मी एक सुटी फ्रेम पाठवली आहे. आयएसओ ८००, एक मिनिट, काहीही न करता. आकाश मळकट तपकिरी, कोपऱ्यात विमानाची रेघ, आणि मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा गुलाबी डाग.