दादाचा श्रावण आणि बाकीचे अकरा महिने

आमचा दादा श्रावण लागला की दारूला शिवत नाही. मासळीही बंद. चवथीचा पाच दिवसांचा गणपती पोचवेपर्यंत घर शिवराक, म्हणजे शाकाहारी. दुसऱ्या दिवशी मात्र फोंड्याच्या तिस्कावरचा बार आणि तो. वहिनी दरवर्षी विचारते, "महिनाभर जमतं, मग वर्षभर का नाही? मनच नाही तुमचं!" मीही इतकी वर्षं तिच्याच बाजूने मान डोलावली.

आता डोलावत नाही.

मनोबल म्हणजे टाकीतलं पाणी, वापरलं की संपतं, ही कल्पना मानसशास्त्रात बरीच वर्षं चालली. 1998 मध्ये रॉय बाउमायस्टर यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांसमोर ताजी चॉकलेट बिस्किटं ठेवली आणि काहींना सांगितलं, तुम्ही फक्त मुळा खायचा. मग न सुटणारं कोडं दिलं. मुळेवाल्यांनी साधारण 8 मिनिटांत हात टेकले, बिस्किटवाले 19 मिनिटं झगडले. (मुळा खायला घातला असता तर कोडं मीही भिरकावलं असतं, ते सोडा.) 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी दोन हजारांवर लोकांना घेऊन हीच कल्पना वेगळ्या कसोटीवर तपासली. परिणाम जवळजवळ शून्य!

मला जास्त पटलं ते 2012 चं जर्मनीतलं काम. विल्हेल्म होफमान आणि सहकाऱ्यांनी 205 माणसांना दिवसभरात अधूनमधून विचारलं, आत्ता कसली इच्छा होतेय? संयमी म्हणवणारे लोक मोहाशी जास्त झुंजत होते असं नाही. त्यांच्या वाट्याला नको ते मोहच कमी येत होते.

दादाचा श्रावण हाच की! घरात तळलेल्या बांगड्याचा वास नाही, बारमधले चौघेही बंद, "एक घे रे" म्हणणारा कुणी नाही. म्हटलंच कुणी, तर "श्रावण" एवढा एक शब्द पुरतो. अख्खा गाव त्याला धरून असतो. मग आपणच तो हात काढून घेतो आणि वर त्याला दुबळा म्हणतो.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो: इच्छा नसतानाही, कुणी बळेच ढकलल्यासारखा माणूस पाप का करतो? कृष्णाचं उत्तर कीर्तनात शंभरदा ऐकलं, प्रश्नातल्या "इच्छा नसतानाही"पाशी कुणी थांबत नाही. पुढे सहाव्या अध्यायात चंचल मनावर उपाय येतो तो अभ्यास आणि वैराग्य. दात-ओठ खाणं त्यात नाही.

मग दादाची जबाबदारी काहीच नाही? आहे तर. पण ती ग्लास समोर आल्यावरची नाही. कुंडईहून सुटून तो संध्याकाळी फर्मागुडीला पोचतो, तिथून सरळ तिस्काला जायचं की बांदोड्याकडे वळायचं, ती तिथली आहे. खुर्चीत बसल्यावर नीतीची चर्चा उशिराची.

हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "तू पुस्तकं वाच." विषय संपला.

काल सातला त्याची स्कूटर बांदोड्याच्या बाजूने आली. वहिनी म्हणाली, "तिकडे रस्ता खणलाय वाटतं."

मी गप्प बसलो.