विमानातला शेजारधर्म

गेल्या आठवड्यात इंदूरहून पुण्याला जाताना माझ्या विमानभयाचा जाहीर पंचनामा झाला. आणि तो करणारे शेजारचे गृहस्थ इंदूरच्या रामबागेतले, त्यातून माझ्या मामांच्या ओळखीचे निघाल्यामुळे त्यांना उलट बोलण्याचीही सोय उरली नाही.

वास्तविक माझा उपाय लागू पडत होता. ए ३२० विमान जमिनीवर असताना पायांखालून करवत चालल्यासारखा आवाज येतो, तो हायड्रॉलिक दाब एका यंत्रणेतून दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राचा असतो. आणि उड्डाणानंतर हजार-दीड हजार फुटांवर इंजिनांचा जोर मुद्दाम कमी केला जातो, म्हणून विमान खाली बसल्याचा भास होतो, एवढे मी पाठ करून आलो होतो. करवत वाजली तेव्हा मी चक्क शांत होतो. फक्त हाताची मूठ तेवढी आवळलेली होती.

"घाबरता का हो?" काकांनी लौंग शेवेचा पुडा फोडत विचारले.

"नाही."

"मग माझं मनगट सोडा. अहो, एक इंजिन बंद पडलं तरी विमान नीट उतरतं."

इंजिन बंद पडण्याचा विचार तोवर माझ्या मनात नव्हता. "आणि दुसरं?" असे मी विचारायला नको होते, पण तोंडातून निघून गेले.

"तरंगत उतरतं! २००९ साली न्यूयॉर्कला हडसन नदीत उतरवलं की नाही? १५५ जण होते, सगळे वाचले. तेही हेच विमान, ए ३२०! आपल्या वाटेत तर नर्मदा आहे, तापी आहे, गोदावरी आहे."

भर वैशाखात तापीला विमान उतरेल इतके पाणी असते का, हा प्रश्न मी गिळला. काकांनी मात्र हवाई सुंदरीला हाक मारून, "इनको ज़रा देखना, बहुत घबरा रहे हैं," असे सांगितले. पुढच्या तीन रांगा वळल्या, आणि एक पाच-सहा वर्षांचा मुलगा आसनावर उभा राहून उतरेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिला.

घाबरणारा माणूस जास्तीचे पैसे मोजून कडेची जागा घेतो आणि निमूट बसतो, तो कोणाकडे काही मागत नाही. तरीही ज्यांना भीती वाटत नाही त्यांना दुसऱ्याच्या भीतीवर एवढा मालकी हक्क का वाटावा? शिवाय माझ्यासाठी आलेल्या पाण्यातले अर्धे काकाच प्यायले, कारण शेव तिखट होती.

रविवारी मामींचा फोन आला. "विमानात रडलास म्हणे?"

मी रडलो नव्हतो.

"असू दे रे," मामी म्हणाल्या, "इंदूर-पुणे गाडी आहे की रोजची."