आधी गाडी धुवा, मग कव्हर घाला

सकाळपासून डोकं फिरलंय. चिरंजीव काल रात्री उशिरा गाडी घेऊन आले. रस्त्याचं खोदकाम चालू, गाडीवर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ. तिच्यावरच कव्हर चढवलं आणि झोपले. सकाळी तेच कव्हर एका टोकाला धरून ओढलं, खर्रर्र! मला वर गॅलरीत ऐकू आलं. खाली जाऊन उन्हात बघतो तर बॉनेटभर बारीक ओरखड्यांचं जाळं. त्यात गाडी काळी.

"पण बाबा, रंग वाचावा म्हणूनच घातलं ना?"

अरे, धुळीवर कव्हर ओढणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं! रंगावरचा तो चकचकीत थर केसापेक्षा पातळ असतो. वर वारा सुटला की सैल कव्हर रात्रभर कडांवर घासत बसतं ते वेगळंच.

आमच्या अण्णांची पांढरी मारुती ८०० होती, १९९४ची. कव्हर आईने घरी शिवलेलं. वरून कॅनव्हास, आतून तिच्या जुन्या सुती साड्यांचं अस्तर. अण्णा आधी बादलीभर पाणी ओतायचे, मग ओलं फडकं. गाडी वाळेपर्यंत पेपर वाचायचे. काढताना मी एका बाजूला, ते दुसऱ्या. दोन्हीकडच्या कडा उचलून टपावर उलटायच्या, म्हणजे धुळीची बाजू धुळीवरच येते. ओढलं की टपली बसायची.

आणि लोक पंधरा लाखांची गाडी घेतात नि सिग्नलवरचं प्लास्टिकचं कव्हर घालतात! पावसात आत दमटपणा कोंडतो, कव्हर काढावं तर रंगावर पांढरे डाग. कबुतरांच्या घाणीपासून गाडी वाचते, मान्य. ती घाण रंग खातेच. पण म्हणून काहीही गुंडाळायचं?

बरं, मी तरी कुठे शहाणा. माझ्या पहिल्या गाडीला असलंच चंदेरी कव्हर होतं. गणपतीत गावाला गेलो, आलो तेव्हा टपावर नकाशे उमटलेले. अण्णा गाडीभोवती एक फेरी मारून आले, एक शब्द बोलले नाहीत. टपली मारली असती तर बरं झालं असतं.

ते आठवलं म्हणून पोराला फार बोललो नाही. संध्याकाळी दोघांनी मिळून गाडी धुतली. तो पेपर वाचत नाही, मोबाईल बघत बसला. मग म्हटलं, तू तिकडनं धर.

जुनं कव्हर अजून बादलीत भिजतंय. मशीनमध्ये मावत नाही आणि घरात माझ्याशी कोणी बोलत नाहीये.