फिट आल्यावर कांदा, चप्पल, किल्ली? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा ऑफिसच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरला. फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवा, हातात लोखंडी किल्ली द्या, दातात चमचा घाला आणि शेवटी काय तर 'अशा माणसाला जबाबदारीचं काम देऊ नका'. मला स्वतःला नऊ वर्षं बारीक फिट्स येतायत, म्हणून लिहितेय.

कांदा, चप्पल, किल्ली यांनी काहीच होत नाही. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते, तुम्ही चप्पल काढून नाकाशी धरेपर्यंत ती ओसरत आलेली असते आणि नाव चप्पलेचं होतं.

चमचा मात्र घातक आहे हो! जीभ कधीच गिळली जात नाही, पण चमच्याने दात तुटतो, तुकडा श्वासनळीत जाऊ शकतो. हातपाय दाबून धरू नका, पाणी पाजू नका. माणूस पडला असेल तर डोक्याखाली ओढणी, बॅग काहीतरी मऊ द्या, झटके थांबले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली तर लगेच 108.

आणि फिट म्हणजे पडणं आणि तोंडाला फेस एवढंच नसतं. माझ्यात मी खुर्चीतच असते, नजर एका जागी थिजते, ओठ चाळवतात, हात ओढणीचं टोक चुरत राहतो, मागच्या वेळी तर एक्सेलच्या एका खान्यात नुसते शून्यच शून्य पडले होते. शेजारच्या ताईंनी फक्त गरम चहाचा कप लांब सरकवला आणि माझ्याजवळ बसून राहिल्या. भानावर आल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "ऑफिसमध्येच आहेस गं, दीड मिनिट झालं." यापेक्षा जास्त मला काही नको असतं.

आता जबाबदारीचं. फिट्स चालू असताना गाडी, उंचीवरचं काम, उघडी मशीन नकोच, ते मी पण मान्य करते. पण जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की नीट औषध मिळालं तर 70 टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. माझं बिघडतं ते जागरणाने आणि गोळी चुकली की, म्हणून साहेबांना सांगून मार्च एंडची रात्रपाळी तेवढी बदलून घेतली, जीएसटीचं काम अजून माझ्याकडेच आहे.

ड्रॉवरच्या आतून गोळ्यांची नावं आणि घरचा नंबर चिकटवलाय, शेजारच्या दोघींना दाखवून ठेवलाय.