पदवी आणि मायनर निवडताना घ्यावयाची काळजी

बारावी झालात, अभिनंदन. आता प्रवेशाचा अर्ज भरायचा, तर आपल्याला कुठला विषय आवडतो हा विचार आधी डोक्यातून काढा. त्यासाठी गोव्यात मे महिन्यात लग्नं असतात. फोंड्याच्या हॉलात जेवणाच्या रांगेत उभे राहा, तुमचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, पापडापर्यंत पोचायच्या आत ठरलेला असेल.

उरतो मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीचे 120 क्रेडिट, त्यातले 24 मायनरचे, म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा. एवढी मोठी गोष्ट घाईत ठरवू नये, कॅन्टीनमधला चहा येईपर्यंत तरी विचार करावा. आधी वेळापत्रक बघा. ज्याचं लेक्चर सकाळी आठला, तो विषय मानवजातीच्या कितीही कल्याणाचा असो, तुमच्या नाही. सत्तरी तालुक्यातून येत असाल तर शेवटचं लेक्चर आणि कदंबची बस यांचं गोत्र जुळतंय का पाहा. मग मैत्रिणी काय घेतायत ते विचारा. मार्क सढळ हाताने कोण देतं हे सीनियर सांगतीलच. अभ्यासक्रम वाचायचाच असेल तर प्रवेश झाल्यावर वाचा, मनस्ताप टळतो.

मायनर मनावर घेतला की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म 1907, गोव्यातला. हार्वर्डला शिकलेले गणिती, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक. गणिताच्या पगारावर सुखाने राहायचं, तर माणूस जुनी नाणी वजन करत बसला, संस्कृत सुभाषितांच्या संहिता लावत बसला, प्राचीन भारताच्या इतिहासात शिरला. 1962 मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. आज गोवा विद्यापीठात त्यांचं नाव आहे ते सामाजिक शास्त्रांच्या स्कूलला. सगळं आयुष्य मेजरला दिलं आणि पाटी लागली मायनरच्या दारावर! तुमच्या आईबाबांना हे चालेल का, एकदा विचारून घ्या.

पुढे प्रश्न येतो, तीन वर्षांनी बाहेर पडावं की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यावं. तीन केलीत तर एम.ए. दोन वर्षांचं, चार केलीत तर एका वर्षाचं. दोन्हीकडे बेरीज पाचच. तरीही यावर घरात किमान एक भांडण व्हायला हवं, नाहीतर शिक्षणाची कोणाला काळजीच नाही असं दिसतं. 2022 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एका वेळी दोन पदव्या करायलाही मुभा दिली आहे. एक बाबांसाठी करा. दुसरी कोणासाठी, ते घरी बोलू नका.

पदव्युत्तर विषयांत पोर्तुगीजला वजन आहे. ‘पासपोर्टचं बघतोय वाटतं’ असं म्हणत शेजारी तुमच्याकडे आदराने पाहू लागतात. त्या पासपोर्टला पदवी नव्हे, 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, इथे जन्मलेल्या आजोबांचा दाखला लागतो, हे त्यांना सांगू नका. सागरविज्ञान घेतलंत तर ‘म्हणजे मासे?’ एवढं ऐकायची तयारी ठेवा. आणि मराठी घेतलंत, तर मावशी अत्यंत प्रेमाने विचारेल, ‘ती तर तुला येतेच ना गो?’

तिच्याशी वाद घालू नका. एम.ए. म्हणजे शेवटी सरकारी जाहिरात निघेपर्यंत ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात, वारा खात बसायची सोय. ती जाहिरात निघते, तुम्ही एल.डी.सी.च्या, म्हणजे कनिष्ठ कारकुनाच्या, अटी वाचता: कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम. झालं की! पाच वर्षांत ज्ञानेश्वरीपासून दलित आत्मकथनांपर्यंत जे वाचलं, ते सगळं त्या ‘उत्तम’मध्ये आलं. आता पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढायला मामलेदार कचेरीत सकाळी लवकर जा, आणि टायपिंगचा क्लास लावला नसेल तर आजच लावा.