गालुसचा हॉल आणि दादाचा फॉरवर्ड

२०२५च्या एप्रिलात मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून दिल्लीला आणलं, त्या आठवड्यात दादाचे फॉरवर्ड थांबता थांबेनात. दादा सांगलीला महावितरणमध्ये आहे. तो आवरून चहाला बसला की इथे फ्रँकफर्टमध्ये माझ्या उशीखालचा फोन थरथरायला लागतो. आमचे तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात. त्यातला एक मेसेज जुनाच होता, फिरून फिरून झिजलेला. इस्रायलचं हेरखातं मोसाद, त्याच्या गुप्तहेरांनी १९६० साली अर्जेंटिनात घुसून आइकमानला, म्हणजे ज्यूंच्या कत्तलीची व्यवस्था लावणाऱ्या नाझी अधिकाऱ्याला, कसं उचललं त्याची हकिकत. शेवटी ‘याला म्हणतात देश!’ आणि खाली दादाची स्वतःची भर: ‘आपण बसतोय चार-चार वर्षं खटले चालवत. घुसायचं, उडवायचं, विषय संपला.’

व्हॉट्सॅपवर दादाशी वाद घालायचा नाही, असं वहिनीने आणि मी फार पूर्वी ठरवलंय. पण हा मेसेज दिवसभर डोक्यातून जाईना. कारण ही गोष्ट दादा समजतो तशी ब्युनोस आयर्सला सुरू होत नाही. तिचं एक टोक माझ्या शहरात आहे, आणि ते हातात धरून बसलेला माणूस गुप्तहेर नव्हता. सरकारी वकील होता.

मला हे कळलं तेही एका वाढदिवसामुळे. फ्रँकफर्टच्या गालुस भागात एक सार्वजनिक हॉल आहे, आपल्याकडच्या नगरपालिकेच्या सभागृहासारखा. बैठका, नाटकं, घरची कार्यं, सगळ्यांना भाड्याने मिळतो. मैत्रिणीच्या मुलाचा पहिला वाढदिवस तिथे होता. मी इडल्यांचं पातेलं धरून प्लग पॉइंट शोधत फिरत होते, तेव्हा भिंतीवरचा मजकूर वाचला. ऑशविट्झचा खटला १९६४च्या एप्रिलापासून या जागेत चालला होता. ऑशविट्झच्या छळछावणीत ‘नोकरी’ केलेली माणसं आरोपी. कोणी औषधविक्रेता, कोणी दातांचा डॉक्टर, कोणी रुग्णांची सेवा करणारा. युद्धानंतर सगळे निवांत पोटापाण्याला लागलेले. साडेतीनशेहून जास्त साक्षीदार इथे येऊन बोलले. माझ्या मागे पोरं फुगे फोडत होती. पातेलं जड होतं आणि खाली कुठे ठेवावं ते सुचेना.

तो खटला उभा केला हेसन राज्याचे मुख्य सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांनी. जन्माने ज्यू, विचाराने समाजवादी. १९३३मध्ये नाझींनी त्यांना डांबलं, पुढे ते डेन्मार्कला आणि तिथून स्वीडनला पळाले, आणि १९४९मध्ये परत आले. परत आले ही गोष्ट मला अजून कळत नाही. ज्यांनी हाकललं त्यांच्यातच येऊन, त्यांच्याच कचेरीत बसून, त्यांच्याच फायली उघडायच्या! ऑफिसच्या खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की मी शत्रूच्या मुलखात असतो, अशा अर्थाचं त्यांचं एक वाक्य इथे नेहमी सांगितलं जातं. त्यात अतिशयोक्ती नव्हती. पोलिसांत, न्यायखात्यात, परराष्ट्र खात्यात जुने नाझी खुर्च्या धरून होते.

या बाउअरना १९५७मध्ये अर्जेंटिनातून एक पत्र आलं. लिहिणारे होते लोथार हेर्मान, जर्मनीतून परागंदा झालेले, दाखाऊची छावणी भोगलेले आणि दृष्टी जवळजवळ गेलेले. त्यांच्या मुलीकडे क्लाउस आइकमान नावाचा तरुण यायचा. बाप नाव बदलून राहिला, पण पोरगा तेच आडनाव मिरवत होता, आणि ज्यूंबद्दल नको ते बोलत होता. (इथे उच्चार ‘आइश्मान’ करतात, पण आपल्याकडे आइकमान रुळलंय, तेच राहू दे.) मुलगी पेपर वाचून दाखवत असताना हे नाव कानावर पडलं आणि हेर्माननी दोन आणि दोन चार केले. मग ती मुलगी एकटी त्या घरी जाऊन आली. कसलं प्रशिक्षण नाही, हत्यार नाही, दरवाज्याबाहेर कोणी थांबलेलं नाही.

आता दादाच्या खात्यातली गोष्ट. त्या घराला विजेचे दोन मीटर होते. एक ‘दागोतो’ नावावर, दुसरा ‘क्लेमेंट’ नावावर. हेर्माननी शोध घेतला, घरमालकाचं नाव श्मिट निघालं, आणि त्यांनी कळवलं की श्मिट हाच आइकमान. चुकलं. तो क्लेमेंट होता. रिकार्डो क्लेमेंट. मीटरवर नाव लिहिलेलं होतं आणि कोणी वाचलं नाही.

बाउअरनी हे पत्र जर्मन पोलिसांकडे दिलं नाही, आपल्या वकिलातीलाही कळवलं नाही. तिथून कोणीतरी आइकमानला सावध करेल, ही भीती होती. त्यांनी गुपचूप इस्रायलला सांगितलं. म्हणजे एका अधिकाऱ्याने स्वतःच्या सरकारच्या पाठीमागे परक्या देशाच्या हेरखात्याला खबर दिली. आपल्याकडे आज कोणी असं केलं तर दादाच त्याला देशद्रोही म्हणेल, आणि त्या व्याख्येत ते बसेलही. बाउअर १९६८मध्ये गेले. आपण काय केलं ते त्यांनी हयातीत उघड होऊ दिलं नाही.

आणि मोसादने काय केलं? माणूस पाठवला, त्याने बाहेरून घर पाहिलं, आणि इतक्या गरिबाच्या घरात इतका मोठा नाझी राहणं शक्य नाही, असा निष्कर्ष काढला. पुढे खबर देणाऱ्यालाच डोळ्यांनी दिसत नाही म्हटल्यावर उरलासुरला विश्वासही गेला. फाइल बंद. फॉरवर्डमध्ये हा भाग नसतो. १९५९च्या डिसेंबरात बाउअर पुन्हा इस्रायलला गेले. या वेळी दुसऱ्याच सूत्राकडून आलेलं नाव हातात होतं, क्लेमेंट, आणि डोक्यात संताप, की दोन वर्षं तुम्ही केलंत काय! तेव्हा कुठे चाकं फिरली. जर्मन हेरखात्याच्या दप्तरात तर ‘आइकमान अर्जेंटिनात क्लेमेन्स नावाने राहतो’ अशी नोंद १९५२पासून पडून होती. ती लोकांसमोर यायला २०११ उजाडलं.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. तोवर तो गारिबाल्डी रस्त्यावर स्वतः बांधलेल्या घरात राहायला गेला होता; तिथे वीजच नव्हती, म्हणजे मीटरचा प्रश्न मिटला. ११ मे १९६०च्या संध्याकाळी मर्सिडीझच्या कारखान्यातून सुटून तो नेहमीच्या बसने आला नाही, उशिराच्या बसने आला. मोसादचा पीटर माल्किन त्याला स्पॅनिशमध्ये ‘एक मिनिट, साहेब’ असं काहीसं म्हणाला आणि त्याने झडप घातली. नऊ दिवस एका घरात लपवून ठेवलं, आणि अर्जेंटिनाच्या दीडशेव्या वर्धापनदिनाला इस्रायलचं शिष्टमंडळ घेऊन आलेल्या विमानातून, गुंगीचं औषध देऊन, विमान कर्मचाऱ्याचा गणवेश घालून नेलं. थरार आहेच. मी नाही म्हणत नाही.

पण दादा, ते त्याला तिथेच, त्या अंधाऱ्या रस्त्यावर उडवू शकले असते. गोळी किंवा गाडीची धडक, आणि नऊ दिवसांची धाकधूक वाचली असती. त्यांनी एवढा उपद्व्याप केला तो त्याला जेरुसलेममध्ये काचेच्या पेटीत बसवण्यासाठी. त्याला वकील दिला, तोही कोलोनचा जर्मन, आणि त्याची फी इस्रायल सरकारने भरली. एप्रिल १९६१मध्ये सुरू झालेला खटला महिनोन्‌महिने चालला आणि शंभरावर साक्षीदारांनी, त्यांतल्या कित्येकांनी पहिल्यांदाच, आपली गोष्ट भर कोर्टात सांगितली. फाशी १९६२च्या मे महिन्याच्या अखेरीस मध्यरात्री झाली. दादाच्या हिशोबाने हाही ‘वेळ घालवणं’च.

उलटं उदाहरणही त्याच मोसादचं आहे. हर्बर्ट्स कुकुर्स हा लाटव्हियाचा गाजलेला वैमानिक, ज्यूंची कत्तल करणाऱ्या तुकडीत होता. त्याला १९६५मध्ये उरुग्वेत बोलावून मारलं आणि प्रेत ट्रंकेत सोडलं. घुसले, उडवलं. विषय संपला का? २०१४मध्ये त्याच्या देशात त्याच्यावर संगीतिका आली. त्याचा तपास तिथे कधी बंद होतो, कधी पुन्हा उघडतो, कारण त्याच्याविरुद्ध निकाल असा नाहीच. आइकमानवर असली संगीतिका काढायची म्हटलं तर आधी त्या कोर्टाच्या कागदांना ओलांडून जावं लागेल.

आता माझ्या बाजूचं अवघडलेपण. आइकमानला दुसऱ्या देशातून पळवून आणला, हे बेकायदेशीर होतं. अर्जेंटिना संयुक्त राष्ट्रांत गेला, सुरक्षा परिषदेने जून १९६०मध्ये इस्रायलला भरपाई करायला सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये दोघांनी प्रकरण मिटवलं. मला तेव्हा शाळेतली मार्सेलिसची उडी आठवते. ८ जुलै १९१०. सावरकर फ्रान्सच्या भूमीवर पोचले होते, फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं, आणि पुढच्या वर्षी हेगच्या लवादाने निकाल दिला की देण्यात अनियमितता झाली खरी, पण इंग्लंडने परत करायची गरज नाही. आमच्या बाईंचा आवाज हे सांगताना चढायचा. परक्या भूमीवरून असं नेणं हा अन्याय आहे, हे आम्ही पाचवीत शिकलो. माणसांची तुलना नाही करत मी, ती कोणी करूही नये. पण नियम तोच. एका ठिकाणी तो मोडला म्हणून आपण शंभर वर्षं चिडतो आणि दुसऱ्या ठिकाणी टाळ्या वाजवतो. मीही वाजवते. त्या टाळ्या मला परवडतात त्या फक्त पुढे कोर्ट होतं म्हणून.

जर्मनीत राहून मी मऊ झालेय, असं दादा म्हणतो. तसं असेलही. पण २००८च्या नोव्हेंबरात मी मुंबईत होते, अंधेरीतल्या भाड्याच्या खोलीत, टीव्हीपुढे तीन रात्री. कसाबला तिथेच का नाही संपवला, असं तेव्हा मीही म्हटलं होतं, दादापेक्षा मोठ्याने. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर ती बंदूक हाताने धरून ठेवली, छातीवर गोळ्या घेतल्या, आणि म्हणून तो जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून तो आपलाच नागरिक आहे, हे जानेवारी २००९मध्ये पाकिस्तानला कबूल करावं लागलं. त्याच्याबरोबरचे दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, म्हणून त्याच्या फाशीला वजन आलं. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची गोष्ट तेवढी आपण लक्षात ठेवली, आणि ती खोटी असल्याचं खुद्द सरकारी वकिलांनी २०१५मध्ये सांगितलं.

जर्मनांनाही हे गोड लागलं नव्हतं, हेही खरं. गालुसच्या त्या हॉलमध्ये सतरा जणांना शिक्षा झाली, तिघे सुटले, आणि बाहेर पुष्कळांना वाटत होतं की हे जुनं किती दिवस उगाळायचं. आज बाउअर यांच्या नावाची संशोधन संस्था इथल्या विद्यापीठात आहे. ते होते तेव्हा मात्र त्यांना धमक्यांची पत्रं यायची.

शेवटी मी करार मोडला. रविवारी व्हिडिओ कॉलवर दादाला हे सगळं सांगितलं, दोन मीटरवाली गोष्ट मुद्दाम आधी. मीटरपर्यंत त्याने मन लावून ऐकलं. खटल्याच्या भागाला तो आंबा कापायला लागला. मला वाटलं, गेला हातचा. मग एकदम म्हणाला, “अगं, त्या पत्र लिहिणाऱ्याला काय मिळालं का न्हाई?”

“दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालेलं होतं.”

“मग दिलं?”

“दिलं. दहा-बारा वर्षांनी.”

दादाने सुरी खाली ठेवली. “म्हंजे तिथंबी सरकारी खातंच की,” म्हणाला, आणि वहिनीला हाक मारून हे तिला पहिल्यापासून सांगायला लागला.